घाटाचा दोष नाही
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात कीर्तन होतं, नाट्यगीतं होतात, कुणी मोठे वक्ते येऊन ज्ञानेश्वरीवर बोलतात. यंदा मंडळाने गॅरेजवाल्यांना बोलावलं आहे. आम्ही चौघं आहोत, दोघं पांढुर्ण्याचे आणि दोघं सौंसरचे. हात घासून धुऊन आलो आहोत, तरी नखांत थोडं काळं राहिलंच असेल, तेवढं सांभाळून घ्या. बोलायला एक जण उभा असला तरी बोलणं चौघांचं आहे. विषय एकच आहे, गाडी गरम का होते आणि ती होऊ नये म्हणून काय करायचं.

हा विषय आपल्या मंडळात का, असं कुणी विचारेल. आपली गावं सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. एका बाजूला नागपूरचा सपाट मुलूख, दुसऱ्या बाजूला चढ. पांढुर्ण्याहून बैतूलकडे निघालं की मुलताईचा चढ, सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की रामाकोना सोडल्यावर सिल्लेवानीचा घाट. १९५६ साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण आपले दवाखाने, लग्नाची खरेदी आणि मुलांची कॉलेजं नागपूरलाच राहिली. लेक नागपूर-अमरावतीला दिलेली, सोयरीक बैतूल-छिंदवाड्याची. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणून कचेरीच्या फेऱ्या थोड्या कमी झाल्या असतील, पण नात्यागोत्याच्या फेऱ्या आहेत तेवढ्याच आहेत. आणि सगळ्यात जास्त फेऱ्या कधी? लग्नसराईत, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, ऐन उन्हात. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आपण काही त्याहून फार थंड प्रदेशात राहत नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे दोर बांधून ओढत आणलेल्या गाड्या येतात. मालक उतरतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "घाटानं मारली भाऊ." आमचं म्हणणं असं की घाट बिचारा आहे तिथंच आहे. गाडी बिघडलेली असते चार-सहा महिने आधी, तुमच्या अंगणात, आणि ती बिघडवलेली असते बहुतेक वेळा आपल्या बोअरच्या पाण्याने. घाट फक्त ते उघडं पाडतो. आज आम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच, बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

आधी इंजिन गरम का होतं ते बघू. सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा डिझेल पेटतं तेव्हा त्या ज्वाळेचं तापमान २००० अंशांच्या वर जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि आजकाल इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचंच असतं. म्हणजे आत जे जळतं ते स्वतःच्या घराला वितळवू शकेल इतकं कडक असतं. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत कामाला येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि उरलेला एक तृतीयांश पाण्याला घेऊन जावा लागतो. हे पाणी वॉटर पंप, ज्याला आमच्या भाषेत वॉटर बॉडी म्हणतात, तो फिरवतो. पाणी इंजिनच्या आतल्या पोकळ्यांतून उष्णता उचलतं, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याला ती उष्णता देतं आणि परत आत जातं. बस, एवढीच यंत्रणा. पाणी, पंप, जाळी, पंखा, दोन जाड रबरी पाईप, एक झाकण आणि मध्ये एक थर्मोस्टॅट.

पहिल्या मोटारींत एवढंही नव्हतं. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्यांची तीन चाकी मोटार घेऊन माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्झहाइम, सुमारे १०६ किलोमीटर, म्हणजे जवळपास पांढुर्णा ते नागपूर म्हणा ना. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि त्यावरच इंजिन थंड राहायचं. त्यामुळे वाटेत जागोजागी थांबून पाणी भरावं लागलं, आणि चढ आला की मुलांनी मागून गाडी ढकलली. माठातलं पाणी झिरपून आणि उडून गार होतं, तसाच तो प्रकार, फक्त उकळता. पुढे १९०१ च्या मर्सिडिज गाडीत विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवली आणि तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागलं. आज आपल्या बोनेटखाली आहे तो त्याच जाळीचा वारस. आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, ॲम्बेसेडर आणि फियाटच्या काळात डिक्कीत पाण्याचा डबा ठेवल्याशिवाय कुणी घाट चढत नसे. ती सवय गेली, आणि गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर बोनेट उघडून बघण्याची सवयही गेली.

आता घाटाचा हिशोब. सौंसरहून छिंदवाडा सुमारे ३०० मीटर उंच आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी वर उचलायची, तर केवळ त्या उचलण्यापायी जी जास्तीची उष्णता पाण्याच्या वाट्याला येते ती साधारण १५ लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला पुरेल. सपाट रस्त्यावर चालायला लागते ती वेगळीच. आणि गाडीत पाणी असतं किती? पाच-सहा लिटर. म्हणजे ते पाणी उष्णता साठवून ठेवू शकत नाही, ती सतत बाहेर टाकावीच लागते.

ती टाकायची कुठे, तर हवेत. डिसेंबरात हवा २० अंश आणि पाणी ९५ अंश असेल तर मध्ये ७५ अंशांचं अंतर आहे. मे महिन्यात हवा ४५ अंश झाली की तेच अंतर ५० राहतं. म्हणजे काहीही बिघाड नसताना जाळीची ताकद एक तृतीयांशाने कमी झाली. त्यात एसीची जाळी रेडिएटरच्या पुढ्यात असते, ती आपली उष्णता आधी त्याच हवेत सोडते. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर, समोरून वारा नाही, मागून वारा असेल तर आणखीच वाईट. गाडीत सातऐवजी अकरा जण, वर टपावर आहेराची भांडी. कंपनीने हे सगळं धरूनच गाडी बनवलेली असते बरं का. नव्या गाडीने हे सहन करायलाच पाहिजे, आणि ती करते. आठ वर्षांची गाडी जेव्हा करत नाही, तेव्हा मधल्या आठ वर्षांत काय झालं ते शोधायचं असतं.

काय झालं ते तुमच्या घरातच बघायला मिळेल. उन्हाळा संपला की कूलरचा पॅड काढा. पांढरे खडे जमून तो पापडासारखा कडक झालेला असतो. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर चढतो. आपल्या भागात काळ्या दगडाखालचं बोअरचं पाणी, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. प्यायला चालतं, डाळ शिजायला कुरकुर करतं आणि इंजिनला मारतं. तापल्यावर हे क्षार पोकळीच्या भिंतींवर आणि जाळीच्या बारीक नळ्यांत बसतात. धातूच्या मानाने हा थर उष्णता किती तरी पट कमी पुढे जाऊ देतो. पाणी गरम भिंतीला लागून वाहतं, पण मध्ये जणू गोधडी घातलेली.

आणि खरी खोच पुढे आहे. एखाद्या रबरी पाईपचा क्लिप ढिला झाला, रोज थोडं पाणी झिरपलं, वाफ होऊन उडालं. पाणी जातं, क्षार मागे राहतात. मग आपण सकाळी तांब्याने नवं पाणी ओततो, नवे क्षार घालतो. असं तीन-चार महिने. गाडी रोज पाणी मागते आणि आपण रोज देतो, गाईला चारा द्यावा तसं. पाणी कमी होणं ही गाडीची भूक नव्हे, ती गळती आहे. झाकण बंद असलेल्या यंत्रणेत पाणी कमी व्हायला नकोच. बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतली पातळी महिन्या-दोन महिन्यांत खुणेखाली गेली, की ओतण्याआधी कुठून गेलं ते बघायला आणा.

मग पाणी नाही तर काय? कूलंट. आपल्याकडे लोक म्हणतात, इथं कुठं बर्फ पडतो, ते थंड देशांचं औषध आहे. नाव अँटिफ्रीझ असल्यामुळे हा गैरसमज झाला. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोठण्याचा बिंदू खाली नेतं हे खरं, पण उकळण्याचा बिंदू वरही नेतं. शिवाय त्यात गंज आणि क्षार रोखणारी रसायनं असतात, आणि आपल्या गाड्यांसाठी तीच जास्त महत्त्वाची. लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, मध्ये खारं पाणी, म्हणजे घरगुती बॅटरीच झाली. धातू आतून खाल्ला जातो. एक जुना वॉटर पंप आम्ही सोबत आणला आहे, भाषणानंतर मुलांनी हातात घेऊन बघावा. त्याची पाती उंदराने कुरतडल्यासारखी दिसतील. उंदराने नाही, पाण्याने कुरतडली आहेत.

निव्वळ घट्ट कूलंट मात्र ओतू नये. ते एकटं पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. साधारण निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, किंवा दुकानात तयार मिसळून मिळतं ते. लाल, हिरवा, निळा असे रंग असतात, पण रंगावरून प्रकार ठरत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्या आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका, काही जोड्यांचा आत गाळ होतो. बदलायचं कधी, तेही पुस्तकात असतं. कुठे दोन वर्षं, कुठे पाच. रसायनं संपतात, रंग तसाच राहतो, म्हणून नुसतं बघून भागत नाही. आणि एक सांगून ठेवतो, हे चवीला गोड असतं आणि विषारी असतं. जुनं काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात अंगणात ठेवू नका, मुलं आणि कुत्री-मांजरं दोघांनाही धोका आहे.

झाकणाचं काम बायकांना आम्हाला समजावायची गरज नाही, ते प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम आहे. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही. साधारण एका वातावरणाचा जादा दाब झाकणाने धरला तर साधं पाणीही १२० च्या आसपास उकळतं, निम्म्या कूलंटचं मिश्रण १३० च्या जवळ. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला. उलट वर मुलताईला, साडेसातशे मीटरवर, उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळू लागतं. आम्ही कित्येकदा फक्त झाकण बदलून गाडी परत पाठवली आहे. कुकरची रिंग सैल झाली की तुम्ही लगेच बदलता, इथेही तेवढंच.

आता आमच्याच धंद्यातल्या मंडळींबद्दल थोडं बोलतो, रागावू नये. गाडी गरम झाली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात आणि पंख्याची वायर डायरेक्ट करतात. मालक खूश, कारण काटा खाली येतो. थर्मोस्टॅट हा दरवान आहे. पाणी ८०-९० अंशांच्या आसपास तापलं की तो दार उघडतो, तोवर इंजिनला लवकर गरम होऊ देतो. इंजिनला थंडही राहायचं नसतं. दरवानच काढला तर हिवाळाभर इंजिन अर्धं थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, आत लवकर झिजतं. काही इंजिनांत तर दरवान गेल्यावर पाणी जाळीकडे न जाता आतल्या आतच आखूड रस्त्याने फिरतं आणि गाडी आणखी तापते. आणि पंखा डायरेक्ट केल्याने मूळ बिघाड, म्हणजे सेन्सर, रिले किंवा बुजलेली जाळी, आत तसाच राहतो. आम्हाला विचाराल तर असं काम करून मागूही नका.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली एक गोष्ट सांगतो. लग्नाचं वऱ्हाड बैतूलकडे निघालं होतं. गाडी चांगली, नऊ वर्षांची, एसी चालू, मागे एक आजीबाई आणि दोन लहान मुलं. चढ लागल्यावर काटा वर सरकू लागला. चालवणारा म्हणाला, "काही नाही होत भाऊ, चढून घेऊ, वर गेल्यावर थांबू." तीन-चार किलोमीटर असेच गेले. मग काटा आपोआप खाली आला. सगळ्यांना वाटलं, देव पावला. खरं असं होतं की आत पाणीच उरलं नव्हतं. सेन्सर कोरडा पडला की तो हवेचं तापमान सांगतो, आणि हवा काही तितकी गरम दाखवत नाही. काटा चढून अचानक पडला आणि गाडीची ताकद कमी झाली, किंवा हिटर लावूनही गार हवा येऊ लागली, तर ते वाईटातलं वाईट लक्षण समजा. पुढे इंजिन जाम झालं. वरातीतल्या एका मुलाने गमछा धरून झाकण उघडलं. आत दाबाखाली अडकलेलं पाणी झाकण सुटताच एकदम वाफ होऊन उसळतं. त्याचा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. भर उन्हात आजीबाई झाडाखाली बसल्या, मुलगा दुसऱ्या गाडीने दवाखान्यात गेला, लग्न लागलं तेव्हा निम्मं वऱ्हाड रस्त्यावर होतं. मुलगा बरा झाला, मानेवर डाग राहिला.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा हेड वाकलेलं, गॅस्केट उडालेली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरलेलं. हेड प्लेन करून घेतलं, गॅस्केट, पिस्टन रिंगा, बेअरिंगं. कूलंटचा डबा काही शे रुपयांचा असतो, हे काम दहा-वीस हजारांच्या किती तरी पुढे गेलं. आणि मूळ कारण? खालच्या पाईपचा क्लिप. घरच्यांना विचारलं तेव्हा कळलं, दिवाळीपासून गाडी रोज तांब्याभर पाणी घेत होती.

म्हणून वाटेत काय करायचं ते नीट ऐका. काटा नुसता वर सरकतो आहे, वाफ नाही, तर एसी बंद, काचा उघड्या, हिटर पूर्ण गरमवर. उन्हाळ्यात हिटर म्हणजे शिक्षा वाटेल, पण हिटर हा आत बसवलेला छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची थोडी उष्णता तो ओढून घेतो. सावली बघून बाजूला घ्या आणि न्यूट्रलवर एक-दोन मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पंप आणि पंखा फिरत राहतील. काटा उतरला तर ठीक. उतरला नाही, किंवा लाल दिवा लागला, किंवा वाफ दिसली, तर लगेच इंजिन बंद. "वर जाऊन थांबू" म्हणायचं नाही, मग नवरदेव गाडीत असला तरी. माणसं उतरवून सावलीत बसवा. बोनेट वाफ विरल्यावर उघडा. झाकणाला निदान पाऊण तास हात लावायचा नाही. गरम इंजिनवर वरून थंड पाणी मारायचं नाही, धातूला तडा जातो. पूर्ण थंड झाल्यावर जाड कपड्याने झाकण आधी थोडंसं फिरवा, फुस्स आवाज संपू द्या, मगच काढा. अडचणीत बाटलीबंद पाणी, साधं पाणी, जे स्वच्छ मिळेल ते हळूहळू भरा आणि जवळच्या गावापर्यंत या. पण आठवड्याच्या आत ते काढून, आतून धुऊन, योग्य मिश्रण भरून घ्या. नव्या काही गाड्यांत काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा असतो. तिथे लाल दिसला म्हणजे उशीर झालेला आहे, विचार करायला वेळ नाही.

घरी करायचं काम फार थोडं. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, इंजिन थंड असताना बाटलीची पातळी बघा आणि गाडी उभी होती तिथली फरशी बघा. रबरी पाईप दाबून बघा, चिरलेला किंवा भाकरीसारखा फुगलेला असेल तर बदला. उन्हाळ्याआधी, फाल्गुनात, पंख्याचा पट्टा आणि झाकण दाखवून घ्या. समोरची जाळी साफ ठेवा. आपल्याकडे कापसाचे तंतू, गव्हाच्या मळणीचा भुसा आणि धूळ जाळीत असे घट्ट बसतात की बाहेरून दिसतही नाही, कारण कचरा एसीच्या आणि रेडिएटरच्या जाळीच्या मध्ये अडकतो. ट्रॅक्टरवाल्यांनी तर मळणीच्या दिवसांत रोज साफ करावी. हवा किंवा पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारायचं, बाहेरून आत नाही, आणि जोराच्या फवाऱ्याने पातळ पाती मुडपू द्यायची नाहीत. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या घेणाऱ्यांनीही कान बंद करू नयेत, बहुतेकांच्या बॅटरीलाही कूलंट लागतं.

आपला शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीने शेकतो. वर्षभर जू जिथे घासतं, नेमका तोच भाग. त्याला कुणी पुस्तक दिलेलं नसतं.

शेवटी मंडळाच्याच कामाचं. विसर्जनाच्या मिरवणुकीत आपला ट्रॅक्टर चार-पाच तास माणसाच्या चालीने चालतो, पुढे ढोल, मागे जनरेटरची गाडी. इतक्या हळू चालीत समोरून वारा मिळतच नाही, सगळा भार पंख्यावर येतो. मागच्या वर्षी चौकात तो वाफ सोडू लागला होता, बाप्पा वर बसलेले आणि खाली पोरं बादल्या घेऊन धावत होती. म्हणून कार्यकर्त्यांनो, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आमच्याकडे आणा. जाळी साफ करून, पट्टा ताणून, झाकण तपासून आणि कूलंट भरून देऊ. मजुरी नाही, कूलंटचे पैसे मात्र मंडळाने द्यावेत. आणि ट्रॅक्टर थंड असताना आणा, उगाच गावभर फिरवून नको.

गणपती बाप्पा मोरया!